अपडेट बंद करण्याआधी

माझ्या मामांकडे सांगलीला २०१२ साली घेतलेला कॉम्प्युटर होता. मामा निवृत्त मुख्याध्यापक. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की तासभर त्याच्यापुढे बसत आणि आपल्या शाळेच्या आठवणी टाइप करत. एके वर्षी त्या कॉम्प्युटरचे अपडेट व्हायचे थांबले. सेटिंग्जमध्ये चूक झाल्याची सूचना दिसे, खाली एक लांबलचक आकडा असे आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे बटण कितीदा दाबले तरी तोच आकडा परत येई. त्यांनी ओळखीतल्या दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाला, “जुना झालाय काका, फॉरमॅट मारतो आणि नवीन विंडोज टाकून देतो.” मामा हो म्हणाले. आठवणींचे फोल्डर डेस्कटॉपवर होते, म्हणजे सी ड्राइव्हवरच. चार वर्षांचे लिखाण त्या एका दुपारी गेले.

आठ दिवसांनी तीच चूक पुन्हा आली.

दिवाळीत मी गेलो तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. ती कित्येक वर्षे मागची होती. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराचा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. कॉम्प्युटरला वीज मिळत नसते तेव्हा त्याचे घड्याळ या सेलवर चालते. आपल्याकडे रात्री भिंतीवरचे बटणही बंद करायची पद्धत आहे, त्यामुळे रात्रभर सगळा भार त्या सेलवरच. तो संपला होता. तारीख चुकली की समोरच्या सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र कॉम्प्युटरला मुदतीबाहेरचे वाटते आणि तो त्याच्याशी बोलायलाच नकार देतो. मामांच्या पडद्यावरचा ८००७२एफ८एफ हा आकडा नेमके हेच सांगत होता. बँकेची वेबसाइट उघडताना ब्राउझर धोक्याची सूचना देतो, असेही मामा सांगत होते. कारण तेच होते. नवा सेल पन्नास रुपयांच्या आत मिळाला.

मामा त्या लिखाणाबद्दल नंतर फारसे बोलले नाहीत. पण तेव्हापासून घरगुती कॉम्प्युटरचे अडलेले अपडेट मी गंभीरपणे घेतो. जुने यंत्र आपली दुखणी स्वतःहून सांगेल असा हा जवळजवळ एकच प्रसंग असतो. जागा संपत आलेली, हार्ड डिस्क झिजलेली, वीज मध्येच जाणारी, ड्रायव्हर दहा वर्षांपूर्वीचा, हे सारे एरवी झाकलेले राहते. अपडेट मात्र एकाच वेळी डिस्क, नेट, घड्याळ आणि ड्रायव्हर या सगळ्यांकडून काम मागते आणि जो दुबळा असेल तो तिथे उघडा पडतो. अशा वेळी आपल्या घरांत दोनच उपाय चालतात. एक, फॉरमॅट. दुसरा, ‘अपडेट बंदच करून टाका.’ पहिल्याने काय होते ते वर सांगितले. दुसरा जास्त धोक्याचा आहे, कारण तो केल्यावर बराच काळ काहीच होत नाही.

काही न होण्याच्या त्या काळाची किंमत २०१७ मध्ये जगाने मोजली. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधल्या एका गंभीर दोषावरची दुरुस्ती अपडेटमधून दिली. १२ मे रोजी त्याच दोषातून ‘वॉनाक्राय’ हे घातक सॉफ्टवेअर शिरले. मध्ये दोन महिने होते. ज्यांनी अपडेट घेतले होते त्यांच्या यंत्रात त्या वाटेने ते येऊ शकले नाही. ज्यांचे अडले होते, लांबवले होते किंवा बंद केले होते, त्यांच्या फायलींना कुलूप लागले आणि पडद्यावर खंडणीची मागणी आली. सुमारे दीडशे देशांत दोन लाखांहून जास्त यंत्रे त्याच्या तावडीत सापडली. त्यांतली बहुतेक विंडोज ७ वर चालत होती, म्हणजे ज्यांच्यासाठी दुरुस्ती आधीच दिलेली होती अशी. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत एकोणीस हजारांच्या आसपास भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्याचा अंदाज तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयाने दिला. वॉनाक्रायला कुणी ईमेल उघडायची किंवा दुव्यावर बोट ठेवायची गरज नव्हती. ते एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप जात होते. ‘मी कुठल्याही भलत्या साइटवर जात नाही, मला काय होणार’ असे जे घरोघरी म्हटले जाते, त्याला या घटनेने कायमचे उत्तर दिले आहे.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख प्रामाणिक राहणार नाही. लोक अपडेटला भितात ते उगाच नाही. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या दोषांवरचे अपडेट घेतल्यावर एएमडीचे काही जुने प्रोसेसर असलेले कॉम्प्युटर सुरूच होईनात, तेव्हा मायक्रोसॉफ्टला त्या यंत्रांसाठी ते थांबवावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती आली. तिने काही लोकांच्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समधल्या फायली पुसल्या. काही दिवसांतच ती मागे घेतली गेली आणि नोव्हेंबरात दुरुस्त करून पुन्हा दिली गेली. आणि २७ जून २०१७ चे ‘नॉटपेट्या’ हे घातक सॉफ्टवेअर तर युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरले. त्याचा फटका न्हावाशेवाला, जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनललाही बसला. ते टर्मिनल मार्स्क या जहाजवाहतूक समूहाकडे होते आणि मार्स्कला जगभरात ४५,००० कॉम्प्युटरवर सगळे नव्याने बसवावे लागले.

तरीही या घटनांतून ‘अपडेट नकोच’ हा निष्कर्ष निघत नाही. जी फाइल एकाच ठिकाणी आहे ती कुठल्याही दिवशी जाऊ शकते, एवढे त्यांतून सिद्ध होते. ज्याला भीती वाटते त्याने अपडेट काही दिवस थांबवावे. विंडोज १० मध्ये ते पस्तीस दिवसांपर्यंत थांबवण्याची सोय सेटिंग्जमध्येच आहे. तेवढ्या काळात एखादे अपडेट वाईट निघाले तर ते कळतेही. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन विंडोज अपडेट कायमचे बंद करणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ते कुणी केले, केव्हा केले, हे वर्षभराने घरात कुणालाच आठवत नाही.

आता अपडेट नेमके का अडते ते पाहू. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त वेळा कारण असते ते जागेचे, आणि जागेचे दोन प्रकार आहेत. पहिला सगळ्यांना कळतो: सी ड्राइव्ह भरलेला असतो. विंडोजच्या नव्या आवृत्तीला सुमारे वीस जीबी मोकळी जागा लागते, आणि ती नसेल तर ८००७००७० हा आकडा येतो. मग घाईघाईने साफसफाई सुरू होते. इथे एक इशारा द्यायलाच हवा. सेटिंग्जमध्ये तात्पुरत्या फायली काढण्याची जी यादी येते तिच्यात ‘डाउनलोड्स’ हे फोल्डरही असते. आपल्या घरांत मुलांच्या गुणपत्रिका, आधारची प्रत, सातबारा, विम्याची कागदपत्रे हे सगळे डाउनलोड्समध्येच पडलेले असते. त्या चौकटीत खूण केली की ते तात्पुरते समजून पुसले जाते.

दुसरा प्रकार दिसतच नाही. २०१५ च्या जुलैत विंडोज १० आले आणि वर्षभर ते विंडोज ७ वाल्यांना फुकट मिळत होते. असंख्य घरांत तेव्हा जुन्यावरच नवे बसवले गेले. पण विंडोज ७ ने डिस्कच्या सुरुवातीला स्वतःसाठी शंभर एमबीचा एक छोटा कप्पा राखून ठेवलेला असे. तो तेवढाच राहिला. सी ड्राइव्हमध्ये दोनशे जीबी मोकळे असूनही ८००एफ०९२२ हा आकडा दिसतो, त्यामागे बऱ्याचदा हा कप्पा असतो. आपण फोटो पुसत बसतो आणि त्या कप्प्यात एक एमबीदेखील वाढत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये तर अशाच दुसऱ्या एका छोट्या कप्प्याने लाखो लोकांना हैराण केले. केबी ५०३४४४१ नावाचे अपडेट आले आणि जगभरच्या विंडोज १० वर ८००७०६४३ या आकड्याने पडू लागले. त्याला विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेल्या कप्प्यात २५० एमबी मोकळी जागा हवी होती, ती जुन्या यंत्रांत नव्हती. मायक्रोसॉफ्टने उपाय सांगितला तो काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून डिस्कचे कप्पे लहान-मोठे करण्याचा. पुढे कंपनीने हेही स्पष्ट केले की याची आपोआप होणारी दुरुस्ती येणार नाही. घरगुती माणसाला डिस्कचे कप्पे हलवायला सांगणे मला अजिबात पटलेले नाही. एक अंक चुकला तर सगळा डेटा जातो. त्यातही, ज्या दोषासाठी हे अपडेट होते तो बिटलॉकर हे डिस्कचे कुलूप चुकवण्याचा होता आणि त्यासाठी चोराच्या हातात प्रत्यक्ष यंत्र असावे लागत होते. ज्या घरातल्या डेस्कटॉपवर बिटलॉकर नाहीच, त्याचे या एका अपडेटवाचून काही अडत नव्हते. असे असूनही त्या महिन्यांत कित्येकांनी हा आकडा घालवण्यासाठी अख्खे विंडोज पुसले. अडलेले प्रत्येक अपडेट सारख्या तोलाचे नसते. दर महिन्याचे सुरक्षा अपडेट अडले तर ते गंभीर आहे. प्रिंटरचा ड्रायव्हर किंवा एखादे जास्तीचे अपडेट अडले तर थांबायला हरकत नाही. त्यासाठी आकडा आणि केबी क्रमांक कागदावर लिहून घ्यावा लागतो. दुरुस्तीवाल्यानेही तो विचारला पाहिजे. जो विचारत नाही, त्याच्या हाती कॉम्प्युटर देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत घातक कारण मात्र हार्ड डिस्क आहे. आठ-दहा वर्षे फिरलेल्या डिस्कवर काही जागा वाचताच येत नाहीत. रोजच्या कामात त्या जागांशी गाठ पडत नाही म्हणून कळत नाही. अपडेट मात्र विंडोजच्या हजारो फायली वाचते, बदलते, पुन्हा लिहिते, आणि त्या खराब जागेवर येऊन अडकते. कधी टक्केवारी एकाच अंकावर तासन्‌तास थांबते, कधी विंडोजचा स्वतःच्या फायलींचा साठा बिघडल्याचा ८००७३७१२ हा आकडा येतो. अशा वेळी कुणीतरी ‘चेकडिस्क चालवा’ म्हणून सांगतो. पूर्ण तपासणीची चेकडिस्क डिस्कचा कोपरा न्‌ कोपरा वाचते, त्यात कित्येक तास जातात, आणि मरायला टेकलेली डिस्क त्या श्रमातच कायमची बंद पडू शकते. म्हणून आधी डिस्कची प्रकृती पाहावी. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखे फुकट सॉफ्टवेअर डिस्कने स्वतःच नोंदवून ठेवलेली माहिती वाचून दाखवते. तिथे पिवळी किंवा लाल खूण दिसली की दुरुस्तीचा विचार सोडावा आणि फक्त फायली बाहेर काढाव्यात. नंतर डिस्क बदलून एसएसडी घालावी. तिने जुन्या कॉम्प्युटरचा वेगही वाढतो.

वीज आणि नेट ही आपल्याकडची खास कारणे. टेबलाखालच्या यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली असते आणि हे लोडशेडिंगच्या दिवशीच कळते. बंद होताना किंवा सुरू होताना फायली बदलल्या जात असतात तेव्हा वीज गेली, तर साठा अर्धवट राहतो. ‘बदल मागे घेत आहोत’ हा मजकूर पाहून घाबरून बटण दाबणारेही तेच नुकसान करतात. वास्तविक त्या वेळी विंडोज स्वतःला आधीच्या सुस्थितीत नेत असते, आणि जुन्या डिस्कवर त्याला तास-दोन तासही लागू शकतात. नेटचे म्हणाल तर अनेक घरांत कॉम्प्युटर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो. ती जोडणी ‘मीटर्ड’, म्हणजे मोजलेली, म्हणून नोंदवलेली असेल तर विंडोज मोठी अपडेट आपणहून उतरवतच नाही. दिवसाला दीड-दोन जीबी मिळणाऱ्या घरात शेकडो एमबीचे अपडेट अर्ध्यावर थांबते आणि रोज पुन्हा सुरू होते. वर्षातून काही वेळा कॉम्प्युटर चांगले नेट असलेल्या नातेवाइकाकडे नेणे हा साधा उपाय आहे, पण तो क्वचितच कुणी करतो.

ही कारणे तपासून झाली, फायलींची प्रत बाहेर निघाली, की मगच सॉफ्टवेअरला हात घालावा. कॉम्प्युटरला लावलेला प्रिंटर आणि जास्तीची पेन ड्राइव्ह काढून ठेवावी. सी१९००१०१ ने सुरू होणारे आकडे बहुधा ड्रायव्हरचे असतात, आणि वरून बसवलेला अँटिव्हायरसही त्यात दोषी निघतो. उतरवलेल्या अपडेटचे सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन हे फोल्डर अपडेटची सेवा थांबवून रिकामे करायला धोका नाही, ते पुन्हा भरते. विंडोजचा बिघडलेला साठा ‘डिस्म’ ही आज्ञा नेटवरून भरून काढते आणि त्यानंतर ‘एसएफसी’ फायली तपासते. क्रम हाच ठेवावा. एवढ्यानेही जमले नाही तर मायक्रोसॉफ्टच्याच साधनाने आहे त्या विंडोजवर तीच आवृत्ती पुन्हा बसवता येते, फायली आणि प्रोग्रॅम तसेच ठेवून. फॉरमॅट मारण्याआधी ही पायरी आहे हे फार थोड्या दुकानांत सांगितले जाते, कारण तिला वेळ लागतो. लॅपटॉप असेल तर आणखी एक खबरदारी: त्यातली डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असू शकते, आणि बायोसमध्ये काही बदलले की तो अठ्ठेचाळीस अंकी किल्ली मागतो. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर काही यंत्रांनी ती काहीही न बदलता मागितली होती. ती किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे आधीच पाहून ठेवावे.

आता मुदतीचा प्रश्न. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. घरगुती वापरासाठी कंपनीने आणखी एका वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव योजना जाहीर केली. पण तिच्यात यायला यंत्र २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवर असावे लागते. म्हणजे ज्याचे अपडेट तीन वर्षांपूर्वी अडले आणि ज्याने ते बंद करून टाकले, त्याला ही वाढीव मुदतही मिळत नाही. तेव्हाच्या दुर्लक्षाची किंमत आता अशी द्यावी लागते.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ती अट चुकवून जुन्या यंत्रावर ते बसवून देणारी दुकाने गल्लोगल्ली आहेत. अशा यंत्रांना अपडेट मिळण्याची हमी नाही, हे मायक्रोसॉफ्टने सांगून ठेवले आहे. २४एच२ ही आवृत्ती तर फार जुन्या प्रोसेसरवर सुरूही होत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही आज्ञा त्यांना कळतच नाहीत. ज्यांना फक्त वाचणे, लिहिणे, पत्रव्यवहार एवढेच करायचे आहे त्यांनी लिनक्स मिंटचा विचार करावा. त्याच्या बाविसाव्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. आणि ज्यांना काहीच बदलायचे नाही त्यांनी निदान त्या यंत्रावरून बँकेचा व्यवहार बंद करावा. मुदत संपलेल्या विंडोजवर नेटबँकिंग करू नये, यात मला कुठलीही सवलत द्यावीशी वाटत नाही.

अडलेल्या अपडेटचा आकडा नेटवर शोधताना वेगळाच धोका उभा राहतो. पहिल्या काही दुव्यांत ‘एका क्लिकमध्ये दुरुस्ती’ची सॉफ्टवेअर असतात, मदतीचे फोन नंबर असतात. फोन केला की पलीकडचा माणूस गोड बोलतो, स्क्रीन आपल्याला दाखवा म्हणतो, एक ॲप उतरवायला लावतो आणि मग बँकेचे पान उघडायला सांगतो. विंडोजच्या चूक दाखवणाऱ्या सूचनेत मायक्रोसॉफ्ट कधीही फोन नंबर देत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवू तितकी ती रक्कम वाटेत थांबवता येण्याची शक्यता जास्त. फुकटचे विंडोज चालू करून देणारे ‘ॲक्टिव्हेटर’ हेही याच जातीचे. ते चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळे आले.

घरात जुना कॉम्प्युटर असेल आणि त्यावर आज अपडेटची चूक दिसत असेल, तर ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे बटण तूर्त दाबू नका. एक बाहेरची हार्ड डिस्क किंवा मोठी पेन ड्राइव्ह आणा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स ही चार फोल्डर तिच्यावर उतरवा. ती काढून कपाटात ठेवा. मग कोपऱ्यातली तारीख बघा, आकडा कागदावर लिहा आणि त्यानंतर ते बटण दाबा.